मुका मार

यंदा गणपतीला गावी मावशीकडे गेलो होतो. पहिल्या दिवशीची संध्याकाळची आरती. उदबत्त्यांचा धूर, ओल्या दूर्वांचा वास, मखरातली लुकलुकणारी माळ आणि दहा माणसांच्या खोलीत तीस माणसं. कुणीतरी परडीतून झांजा काढून पोरांच्या हातात दिल्या. ‘सुखकर्ता’चा पहिला ठोका पडायच्या आत माझ्या शेजारी उभा असलेला नंदू मागे सरकला, भिंतीच्या कडेकडेने दारापर्यंत गेला आणि बाहेर पडला. मला वाटलं, फोन आला असेल. आरत्या रंगल्या. ‘येई हो विठ्ठले’ला नेहमीसारखी कुणाचा दम किती पुरतो याची चढाओढ लागली, तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्ताने पडवीत आलो. नंदू पायरीशी उकिडवा बसून चपला लावत होता. चाळीसेक जोड असतील. डावीला उजवी जुळवायची, टाचा भिंतीकडे करायच्या, पट्टा दुमडला असेल तर बोटाने उलटा काढायचा आणि रांगेत ठेवायच्या. कानांत कापसाचे बोळे. मला बघून हसला, एक बोट ओठांवर ठेवलं आणि पुढची चप्पल उचलली.

प्रसाद वाटताना आत एक आजी म्हणाल्या, “नंदूला देवाचं वावडंच आहे, पहिल्यापासून.” कुणी काही बोललं नाही. मीही नाही. पण तो ‘पहिल्यापासून’ रात्री डोक्यातून जाईना. एक तर नंदू पेणला गणपतीच्या कारखान्यात घासकाम करतो. वर्षाचे आठ-नऊ महिने त्याच्या बोटांना शाडूची आणि प्लॅस्टरची पांढरी पूड चिकटलेली असते. देवाचं वावडं असलेल्या माणसाने एवढ्या सोंडा पॉलिशपेपरने गुळगुळीत केल्या नसत्या. आणि दुसरं म्हणजे, लहानपणी घरातली सगळ्यात मोठी झांज त्याच्याकडे असायची. ‘घालीन लोटांगण’ला गिरकी घेताना ती तो डोक्यावर धरून वाजवायचा आणि मावशी ओरडायची, “फुटतील रे कान माझे!”

पहिल्यापासून नव्हतं. कधीपासून ते मला माहीत आहे. म्हणजे, मला तसं वाटतं.

आमच्या रायगडात भात कापून झालं की शेतात कबड्डीची मैदानं उगवतात. ढेकळं फोडून, पाणी मारून, माती चोपून चोपून शेणाने सारवलेल्या अंगणासारखी घट्ट करायची, फक्कीने रेषा मारायच्या, चार कोपऱ्यांत बांबूवर हॅलोजन चढवायचे. रात्रभर सामने. भुईमुगाच्या शेंगा, चहाची किटली, स्पीकरवर समालोचकाचा बसलेला आवाज. नंदू माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा. तो आमच्या गावाचा डावा कोपरा. मी बदली खेळाडू, म्हणजे खरं तर पाण्याची कळशी, टॉवेल आणि सगळ्यांची घड्याळं सांभाळणारा. आम्हा दोघांत खेळ त्याच्या वाट्याला आला आणि बघणं माझ्या.

घोट्याची पकड ज्यांनी जवळून पाहिलीय त्यांना कळेल मी काय म्हणतोय. चढाईवाला बोनससाठी पाय लांबवतो. कोपरा तोवर गुडघ्यात वाकून, हात जमिनीपासून वीतभर वर ठेवून, मांजरासारखा थांबलेला असतो. पाय रेषेकडे गेला की दोन्ही हातांनी घोटा धरायचा आणि स्वतःकडे ओढायचा. त्या क्षणी कोपऱ्याचं डोकं नेमकं समोरच्याच्या गुडघ्याच्या उंचीवर असतं. आणि घोटा अडकलेला माणूस पहिली गोष्ट कुठली करतो? गुडघा झटकतो. नंदूच्या पकडीचं वैशिष्ट्य असं की गुडघा कपाळावर बसला तरी त्याची बोटं सुटायची नाहीत. “गोचीड आहे गोचीड,” समालोचक म्हणायचा, आणि आख्खं मैदान हसायचं. पकडीचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. हाडावर हाड आपटल्याचा ठक्क आवाज, आणि लगेच त्याला झाकून टाकणारा टाळ्यांचा कडकडाट.

पहिला मार मला आठवतो तो तालुक्याच्या शालेय स्पर्धेतला. आम्ही चौदाचे असू. कानशिलावर गुडघा बसला, नंदू पडला, उठला, माती झटकली आणि खेळला. परतताना एसटीत खिडकीतून ओकला. सरांनी सगळ्यांना दटावलं की स्टँडवरचे वडापाव खायला कुणी सांगितले होते. आम्ही सगळ्यांनीच ते वडापाव खाल्ले होते आणि बाकी कुणालाच काही झालं नव्हतं, हे त्या वेळी एकाच्याही लक्षात आलं नाही. पुढचे तीन-चार दिवस तो वर्गात पेंगत होता. मास्तरांनी खडू फेकून मारला, तो नेमका डोक्यातच लागला आणि वर्ग हसला. मग एकदा सरावात साखळी पकडताना आमच्याच मध्यरक्षकाच्या डोक्यावर त्याचं डोकं आपटलं. मग आणखी एकदा. मोजले कुणी? रक्त आलं असतं तर मोजले असते. गुडघा फुटला की हळद लागायची, बोट निखळलं की वैदूकडे जायचो, खांदा उतरला की महिनाभर झोळी. डोक्याला लागलं आणि रक्त नाही म्हटलं की एकच शब्द. मुका मार. त्यावर उपाय म्हणजे डोक्यावर गार पाणी, नाकाशी फोडलेला कांदा आणि पाठीवर थाप.

एरवी किती नेमका शब्द आहे हा. ज्याला तोंड नाही असा मार. जखम नाही, सूज नाही, पट्टी नाही. घरी विचारलं तर दाखवायला काही नाही. खेळणाऱ्या पोरांनी त्याचा सोयीचा अर्थ घेतला होता. जो मार बोलत नाही, तो नाहीच.

आता ती फायनल. फेब्रुवारी १९९८. तारीख लक्षात राहण्याचं कारण वेगळंच आहे. त्याच आठवड्यात क्रिकेटपटू रमण लांबा गेला. ढाक्याला क्लबचा सामना होता, तो फॉरवर्ड शॉर्ट लेगला विनाहेल्मेट उभा होता, २० फेब्रुवारीला फटका कपाळावर बसला आणि २३ला तो गेला. चहाच्या टपरीवर पेपर पसरून आम्ही सगळे ते वाचत होतो. स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला होता म्हणे, याचंच सगळ्यांना नवल. नंदू माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याच्या कपाळावर फायनलचं टेंगूळ अजून निळं होतं. आमच्यापैकी एकालाही पेपरातल्या कपाळावरून मान वळवून शेजारच्या कपाळाकडे बघावंसं वाटलं नाही. लांबाच्या डोक्यात रक्तस्राव झाला होता, नंदूचं तसं नव्हतं, दोन्ही गोष्टी वेगळ्या; पण हे आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं म्हणून बघितलं नाही असंही नाही. बघायची पद्धतच नव्हती.

फायनलच्या उत्तरार्धात नंदूने त्यांच्या मुख्य चढाईवाल्याचा घोटा धरला. गुडघा बसला. पकड झाली, गुण मिळाला, दोघं-तिघं अंगावर पडले, आणि ढीग उकलला तेव्हा नंदू उठून उलट्या बाजूला, त्यांच्या अंगणात चालू लागला. लोक हसले. पंचांनी त्याला हाताने वळवलं. आमच्या प्रशिक्षकांनी वेळ मागून घेतला. नंदू माझ्यापाशी आला, मी कळशी त्याच्या डोक्यावर उपडी केली, आणि त्या पाण्याआडून त्याने मला शांतपणे विचारलं, “आपण खेळतोय कुणाशी?”

मी हसलो. बाकीच्यांना सांगितलं, तेही हसले. नंदूही हसला. मग तो आत गेला आणि पुढच्या काही मिनिटांत त्याने दोन पकडी अशा केल्या की अजूनही आमच्याकडे कुणाच्या हळदीला चार जुने लोक जमले की त्यांचा विषय निघतो. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. नंदूला उत्कृष्ट पकडीचं बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आणि यातलं काहीही, टॉसपासून मिरवणुकीपर्यंत, त्याला आठवत नाही. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना त्याच्याकडे नाहीच. तो माझ्याकडे आहे. तो अधूनमधून मागतो आणि मी देतो. “सांग ना, दुसरी पकड कशी होती?” आणि मी सांगतो. इतक्यांदा सांगितलंय की आता त्यातलं किती घडलेलं आणि किती माझ्या पदरचं, माझं मलाच कळत नाही.

‘आपण खेळतोय कुणाशी’ हा किस्सा मी पंचवीस वर्षं विनोद म्हणून सांगत आलो. लग्नात, बारशाला, नंदूच्या समोर. हमखास हशा.

मग कधीतरी वाचनात आलं की डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला मैदानाच्या कडेला उभं करून साधे प्रश्न विचारतात. आज कुठल्या मैदानावर आहोत? पूर्वार्ध की उत्तरार्ध? शेवटचा गुण कुणी घेतला? मागचा सामना कुणाशी होता? उत्तर चुकलं किंवा अडखळलं, की त्या दिवशीचा खेळ संपला. आणि सगळी बरोबर आली तरी शंका असेल तर बाहेरच. वाचता वाचता मी थांबलो. माझ्या बाबतीत तर विचारायचीही गरज नव्हती. पेशंटने स्वतःच येऊन प्रश्न विचारला होता.

नंदू पुढे तीन वर्षं खेळला, जिल्ह्याच्या निवड चाचणीपर्यंत गेला, निवड झाली नाही. मग एमआयडीसीत कंपनीत लागला, लग्न झालं. हळूहळू एकेक गोष्ट गळत गेली, पण इतकी सावकाश की कुणाला पत्ता लागू नये. आधी कंपनी सुटली. प्रेसच्या आवाजाने डोकं फुटतं म्हणायचा. साहेबांना वाटलं नाटकं. मग घरातला ट्यूबलाइट गेला. मग वहिनीने कुकरला शिट्टी होऊ द्यायची नाही असं ठरलं. वरण पातेल्यात शिजतं त्यांच्याकडे, अजूनही. मग राग. कधी चिडणार नाही असा माणूस भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवायचा आणि अर्ध्या तासाने गोठ्यामागे जाऊन रडायचा. मधली दोन-तीन वर्षं प्यायचाही. ती सुटली, तिचं श्रेय वहिनीला. सांगितलेलं विसरतो, विसरलो हे विसरत नाही, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास होतो.

मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ मिटून दाखवलं: कवटी म्हणजे शहाळं आणि आतली मलई म्हणजे मेंदू समजा. शहाळं जोरात हललं, नुसतं गरकन फिरलं तरी आतली मलई ताणली जाते. बाहेरून तडा नाही, आत रक्त नाही, म्हणून साध्या तपासणीत दिसत नाही. पण पेशींचा रासायनिक ताळेबंद कोलमडतो, तो सावरायला त्यांना जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडतो. बहुतेकांचं काही दिवसांत, आठवड्यांत ठीक होतं. वाढत्या वयातल्या मुलांना जास्त वेळ लागतो. पण त्या मुदतीत दुसरा धक्का बसला तर हिशेब बिघडतो. क्वचित एखाद्या पोराचा मेंदू सुजून जीवही जातो. शुद्ध हरपायलाच हवी असं नाही, बहुतेकांची हरपतच नाही. मी विचारलं, “म्हणजे त्या कबड्डीनेच झालं हे?” ते म्हणाले, असू शकेल. त्यांनी झोपेचं विचारलं, दारूचं विचारलं, कंपनीतल्या आवाजाचं विचारलं. कुठलं कशामुळे ते आता वेगळं काढता येणार नाही म्हणाले.

एमआरआयचा रिपोर्ट नॉर्मल आला. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बाकावर बसून रडणारी बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. “भावोजी,” वहिनी म्हणाली, “यात काहीतरी दिसायला हवं होतं हो. आता घरी जाऊन काय सांगू? नाटकं म्हणणाऱ्यांना काय दाखवू?”

मुष्टियोद्ध्यांच्या बाबतीत हे डॉक्टरांनी फार आधी ओळखलं होतं. १९२८ साली हॅरिसन मार्टलँड नावाच्या अमेरिकी डॉक्टरने ठोसे खाऊन झिंगल्यासारख्या चालणाऱ्या बॉक्सरांवर लेख लिहिला. पुढे २००२मध्ये माइक वेबस्टर हा अमेरिकी फुटबॉलपटू पन्नाशीतच गेला आणि शवविच्छेदन करणाऱ्या बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनाचे साठे सापडले, वारंवार डोक्याला लागून होणाऱ्या मेंदूच्या आजाराची खूण. त्या आजाराचं पक्कं निदान माणूस गेल्यावर, मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली धरूनच होतं. म्हणजे नंदूला तो आहे की नाही हे आम्हाला कळणार नाही, आणि ज्या दिवशी कळू शकेल त्या दिवशी जाणून घ्यायची इच्छा कुणाला असेल? असेलच असंही नाही. वारंवार डोक्याला लागलेल्या प्रत्येकाला तो होत नाही. मी हे रात्री-बेरात्री वाचतो आणि त्याला सांगत नाही.

क्रिकेटमुळे तरी आपल्या लोकांच्या कानावर हे गेलं असेल असं वाटत होतं. डोक्याला मार बसलेल्याच्या जागी बदली खेळाडू घ्यायचा नियम २०१९मध्ये आला. पुढच्या वर्षी डिसेंबरात कॅनबेऱ्याला स्टार्कचा चेंडू जडेजाच्या हेल्मेटवर बसला, त्याने डाव पूर्ण केला, नंतर त्याच्या जागी चहल आला आणि त्याने तीन बळी घेतले. आमच्या ग्रुपवर दिवसभर एकच चर्चा: काय डोकं लावलं! जडेजाच्या डोक्याचं काय, हे विचारणारा एकही मेसेज नव्हता. माझाही नव्हता.

पण ज्याची बातमी वाचून मी सबंध दुपार गप्प होतो तो ऑस्ट्रेलियाचा विल पुकोव्स्की. जानेवारी २०२१ची सिडनी कसोटी आपल्याला आठवते ती विहारी-अश्विनच्या चिवटपणामुळे. त्याच सामन्यात हा पोरगेलासा सलामीवीर पदार्पण करत होता. पंतने त्याचे झेल सोडले, त्याने ६२ केल्या, सैनीने पायचीत केलं. पहिल्या दोन कसोटींना त्याला मुकावं लागलं होतं, कारण सराव सामन्यात आपल्या कार्तिक त्यागीचा बाउन्सर हेल्मेटवर बसला होता. आणि तो काही पहिला मार नव्हता. शाळेत असताना फुटबॉल खेळताना डोक्याला गुडघा लागला, तिथून सुरू झालेली मालिका. गुडघा! मार्च २०२४मध्ये आणखी एक बाउन्सर, आणि एप्रिल २०२५मध्ये सत्ताविसाव्या वर्षी त्याने खेळणं थांबवल्याचं सांगितलं. ती एकच कसोटी त्याच्या नावावर राहिली. शेवटच्या मारानंतर सुरुवातीचे काही महिने घरातल्या घरात चालणंही जड जायचं, सारखी झोप यायची, घरकामाला हात लागत नाही म्हणून होणारी बायको वैतागायची, असं त्याने सांगितलं होतं. हे वाचलं आणि मला पातेल्यात शिजणारं वरण दिसलं. फरक इतकाच की त्याचं ऐकायला डॉक्टरांचं पथक होतं. हेल्मेटही होतं. हेल्मेट कवटी वाचवतं. आतली मलई हलायची ती हलतेच.

नंदूचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. कोपऱ्यालाच खेळतो. आता मॅट आहे, बूट आहेत, प्रो कबड्डी बघून शिकलेल्या पकडी आहेत. नंदूने त्याला अडवलं नाही. कसं अडवणार? घरात दुसरं काय आहे ज्याचा त्या पोराला अभिमान वाटावा? भिंतीवरचं ते घड्याळ अजून चालतं. स्पीकरमुळे नंदूला मैदानावर जाववत नाही, म्हणून गेल्या फेब्रुवारीत मी गेलो होतो. पोराने घोटा धरला, समोरचा आडवा पडला, ढिगाखालून पोरगा उठला आणि डोकं एकदा गदागदा हलवून परत आपल्या जागेवर जाऊन वाकला. आजूबाजूला टाळ्या. खाली बघितलं तर माझेही हात वाजत होते. त्याला लागलं होतं की नाही, मला माहीत नाही. सामना संपल्यावर मी त्याला तीन प्रश्न विचारले, त्याने तिन्ही उत्तरं बरोबर दिली आणि “काका, काय झालंय तुम्हाला?” म्हणून हसला. घरी येऊन नंदूला फक्त गुणफलक सांगितला.

विसर्जनाच्या दिवशी शेवटची आरती. झांजा निघाल्या तसा नंदू बाहेर, आणि या वेळी मीही त्याच्या मागोमाग. तो चपला जुळवायला लागला. मी शेजारी बसलो आणि एकेक त्याच्या हातात देऊ लागलो. आत गजर चढला होता. त्याने अचानक विचारलं, “तो जोक सांगतोस ना तू. कुणाशी खेळतोय म्हणून मी विचारलं, तो.”

“हं.”

“मग तू काय सांगितलंस?”

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. किस्सा हशावर संपायचा, पुढे कुणी जातच नसे. मी त्याला त्या गावाचं नाव सांगितलं. म्हटलं, “हे सांगितलं. आणि टॉवेलने तोंड पुसलं तुझं. आणि पाठीवर थाप मारून आत पाठवलं.”

तो थोडा वेळ हातातल्या चपलेकडे बघत राहिला. पोराची होती, अंगठ्याशी झिजलेली. “मग बरोबरच सांगितलंस की,” तो म्हणाला आणि चप्पल तिच्या जोडीशेजारी ठेवली.

आत ‘घालीन लोटांगण’ संपलं, झांजा परडीत पडल्याचा आवाज झाला. मंत्रपुष्पांजली सुरू झाली. तिला काही वाजवत नाहीत. नंदूने कानांतले बोळे काढून खिशात टाकले, माठातलं पाणी घेऊन हात धुतले आणि आत जाऊन मूर्तीसमोर उभा राहिला.